फाट्याच्या पुढे

त्याला सगळे 'फाटा' म्हणायचे. ॲपवर अकरा वर्षं टॅक्सी चालवणाऱ्याला याहून वाईट नाव काय मिळणार! पण ते त्याने स्वतःच कमावलं होतं. टेकडीवरच्या वस्तीचा रस्ता जिथे फुटतो, तिथे तो गाडी थांबवायचा आणि मागे वळूनही न बघता सांगायचा, "फाटा आला. उतरा. वर गाडी जात नाही." एकदा वरच्या खड्ड्यांत त्याचा ॲक्सल मोडला होता, तेव्हापासून त्याने कानाला खडा लावला. म्हातारा असो, पोटुशी बाई असो, कुणाची गय नाही. सख्ख्या बहिणीचीही नाही.

गेल्या वर्षी टॅक्सीच्या प्रत्येक फेरीवर कर बसला. पैसे रस्त्यांना आणि बसगाड्यांना जाणार म्हणे. फाट्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मोर्चात तो सगळ्यांच्या पुढे होता, घसा बसेपर्यंत ओरडत. "आमच्याच पैशांनी बस आणून आमचंच गिऱ्हाईक पळवणार!" कर काही हटला नाही. मग फेरी संपून पडद्यावर कराची ओळ आली की तो तिला एक शिवी हासडायचा. दिवसाला अठरा फेऱ्या, अठरा शिव्या. माणूस कामाला चोख.

बहीण वस्तीवर शिवणकाम करायची. यंदा तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, आठवड्यातून तीनदा व्यायामाला या, नाहीतर पाय कायमचा आखडेल, मशीन विसरा. तो तिला फाट्यावरून न्यायचा आणि फाट्यावर सोडायचा. तिथून वर चढायला तिला कुबडीवर तासभर लागे. पहिल्या आठवड्यात ती तीनदा आली, दुसऱ्यात एकदा. मग यायचीच बंद झाली. "राहू दे रे," ती फोनवर म्हणाली. "पायाचं जे व्हायचं ते होईल." त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

त्याच आठवड्यात वस्तीवर बस सुरू झाली. आपली गाडी सर्व्हिसिंगला टाकून फाटा त्या बसमध्ये चढला. ताईला भेटावं, आणि बस रिकामी फिरते हे डोळ्यांनी बघून चार लोकांत सांगावं, असा दुहेरी बेत.

बस भरलेली होती. रस्त्याचा फाटा आला तसा हा सवयीने उठला, घंटीचं बटण दाबलं आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "फाटा आला. उतरा!"

कुणी हललं नाही. मग सगळी बस हसली. चालवणारी मुलगी आरशातून म्हणाली, "बसा काका. गाडी वर जाते."

तो ओशाळून बसला. गाडी चढू लागली. इथला खड्डा न् खड्डा त्याला पाठ होता. जागा आली की तो समोरची दांडी घट्ट धरायचा, पण खड्डा यायचाच नाही. पुढच्या बाकावर एकजण खिडकीची नवी काच मांडीवर आडवी धरून बसला होता. काच! या रस्त्यावर! आणि ॲक्सल मोडला होता त्या वळणावर शेजारचा माणूस चक्क घोरत होता. फाट्याचा हात आपोआप दांडीवरून सुटला. एवढ्या वर्षांत त्याने असं काही पाहिलं नव्हतं.

वर रांगेत ताई उभी होती, कुबडी टेकून, दवाखान्याची पिशवी घेऊन. चालवणारीने तिच्याकडे बघून एक बटण दाबलं आणि ती अख्खी गाडी दाराच्या बाजूने हळूहळू खाली झुकली, पार ताईच्या पावलापर्यंत. एवढी मोठी गाडी त्याच्या बहिणीपुढे झुकली होती, आणि तो इतकी वर्षं मागे वळूनसुद्धा बघत नव्हता.

"अगं बाई, तू इथे?" ती शेजारी टेकली. "म्हटलं, आज जाऊन बघते. तुझ्या प्रत्येक फेरीतले पैसे यात गेलेत ना रे? शेजारणीला मी तेच सांगितलं, माझा भाऊच नेतोय मला."

त्याला रडू आलं. मोर्चाचं तिला ठाऊक नव्हतं, आणि सांगायला त्याची जीभ रेटेना.

गाडी वळून परत खाली निघाली आणि उतार संपत आला. समोर फाटा दिसताच ताईने सवयीने पिशवी सावरली आणि कुबडी हातात घेऊन उठू लागली.

त्याने तिचा हात धरला.

"बस, ताई. गाडी पुढे जाते."