आक्कांची पाठ

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. लोणावळ्याजवळ औंढ्यात आमचं शेत एक आणि चूलही एकच. तिचा नवरा लवकर गेला, तेव्हापासून शेताचं सगळं तीच बघायची.

त्या सकाळी वांग्यावर फवारणी चालली होती. पंप तिच्या पाठीवर, मी पाणी आणून देत होते. मधेच ती थांबली. "अगं, पाठ भिजल्यावानी वाटतीया." मागं जाऊन पाहिलं, तर झाकणातून औषध गळून मानेवरून ब्लाऊजमध्ये उतरलं होतं.

लग्नाआधी मी गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये कामाला होते. फवारणीवाल्यांना तिथं काय काय सांगत, ते कानावर होतं. म्हटलं, "आक्का, कापडं काढा. आत्ताच."

"हितं? रस्त्याला माणसं हायत! घरी जाऊन खोबरेल लावते की."

"तेल न्हाई लावायचं. घरी जाईस्तवर ते अंगात जाईल."

पंप उतरवला, तिला मोटारीच्या खोलीमागं नेलं. उन्हासाठी डोक्याला गुंडाळलेली माझी ओढणी आडोशाला बांधली, हातांत प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या आणि तिचं लुगडं, ब्लाऊज सगळं उतरवलं. मोटार चालू केली. पाइपाच्या धारेखाली मान, पाठ, केस, नखं साबण लावून धुतली, पुन्हा पुन्हा धुतली. चोळलं मात्र नाही; कातडी आधीच लाल झाली होती.

ती अंग आखडून बसली होती. हळूहळू सैल झाली. म्हणाली, "आय गेल्यापास्नं कुनी न्हाऊ घातलं नव्हतं मला."

मी तिच्या पाठीवर पाणी धरून राहिले.

खोलीत ठेवलेला माझ्या नवऱ्याचा सदरा आणि माझा जुना परकर तिला घातला. भिजलेले कपडे वेगळे बांधले, औषधाची बाटली पिशवीत घेतली आणि रिक्षानं लोणावळ्याला गेलो. डॉक्टरांनी बाटलीवरचं नाव वाचलं, संध्याकाळपर्यंत तिला ठेवून घेतलं. "लगेच धुतलंत ते बरं केलंत," म्हणाले. पाठ आठवडाभर हुळहुळत होती, मग बरी झाली.

त्यानंतर दर रविवारी न्हाताना ती मला हाक मारायची, "ये गं, पाठ चोळ." तेवढ्या वेळात माहेरच्या, मेलेल्या माणसांच्या, कुणालाच न सांगितलेल्या गोष्टी सांगायची.

आता ती चिंचवडला लेकाकडं असते, नातवाला सांभाळते. फोन करते. "जेवलीस का?" "व्हय. तुमी?" मग दोघी गप्प. तरी फोन कुणीच ठेवत नाही.