मर्डो मॅकेचा ठसा

डोलीना मॅके शिवायला शिकली ती बापाच्या केरातून. हेल्म्सडेलच्या बंदराजवळ मर्डो मॅकेचं खोगिरांचं दुकान होतं. शेतांत ट्रॅक्टर आले, घोडे गेले, तसा मर्डो स्पोरन करायला लागला. किल्टला, पुरुषांच्या त्या चौकटीच्या घागऱ्याला, खिसा नसतो. पुरुषाचे सुटे पैसे, तंबाखू, सगळं पोटाखाली लोंबणाऱ्या त्या चामडी थैलीत. लग्नात कोणी मर्डोचा स्पोरन घालून आला की लोक झाकण उचलून आतला ठसा बघत.

दुकान झाडायचं काम डोलीनाचं. खाली पडलेले तुकडे ती एप्रनच्या खिशात भरी. एकदा बापाने पाहिलं.

"मासे साफ करायचा हात तुझा," तो म्हणाला. "कातड्याला लावू नकोस, वास धरतं."

मासे ती करायचीच. सकाळभर बंदरावर हेरिंगची पोटं फाडायची आणि दुपारी कोंबड्यांच्या खुराड्यामागे खोक्यावर बसून शिवायची. नवं कातडं तिला कोण देणार? टाकून दिलेल्या बुटांच्या जिभा, तुटक्या लगामाचं बक्कल, मेलेल्या आईच्या हातपिशवीचं अस्तर, जे मिळेल ते.

साठीला मर्डोचे हात थरथरायला लागले. आरी दोनदा तळव्यात घुसली. एका लग्नाचा स्पोरन अर्धा पडला होता आणि नवरदेव शनिवारी यायचा होता. डोलीनाने स्वयंपाकघराच्या टेबलावर तो पुरा केला. मर्डोने उलटसुलट करून पाहिला आणि त्यावर आपला ठसा ठोकला.

पुढे अकरा वर्षं हेच. गिऱ्हाईक आलं की मर्डो मांडीवर कातडं घेऊन बसे आणि ती चुलीपाशी जाई. "म्हाताऱ्याचा हात अजून तसाच आहे," असं म्हणत लोक जात. शेजारच्या ह्यूइनाच्या खिडकीतून ते टेबल सरळ दिसे. ती कधी काही बोलली नाही.

डोलीना छत्तीसची झाली त्या वर्षी तिने गावाच्या हस्तकला प्रदर्शनात स्वतःचा स्पोरन ठेवला. मोडीत निघालेल्या खोगिराचं कातडं, पुढे आईच्या कोटाच्या कॉलरची सीलची फर, कसरीने खाल्लेली सोडून उरलेली. वरची कड चेपलेल्या कथलाच्या सुरईची, ठोकून सरळ केलेली. गोंडे चामडी नाड्यांचे. ठसा नव्हता. चिठ्ठीवर तिचं नाव.

इन्व्हरनेसहून परीक्षक म्हणून मिसेस चिझम आल्या होत्या. त्यांनी तो बराच वेळ हातात फिरवला.

"टाके कोणी घातलेत?"

"मी."

मिसेस चिझमनी त्याला पहिल्या नंबराची लाल चिठ्ठी लावली. तेवढ्यात मर्डो काठी टेकत पुढे आला. त्याने झाकण उघडलं, आत पाहिलं आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं बोलला, "हा माझा आहे. ठसा मारायचा राहिला होता. पोरीने कपाटातून उचलून आणला."

कोणीतरी हसलं. डोलीनाने ह्यूइनाकडे पाहिलं. ह्यूइना चहाच्या कपात बघत होती.

"बाबा, हात दाखवा ना यांना तुमचे," डोलीना म्हणाली.

मर्डोने हात कोटाच्या खिशात घातले. "बघा. लहानपणापासून अशीच आहे ही."

मिसेस चिझमनी लाल चिठ्ठी काढून घेतली. "बापाशी असं बोलू नये, बाई," त्या हळूच म्हणाल्या. चोरी न म्हणता एवढ्यावर सोडलं, ही आपली दया असं त्यांना वाटलं.

घरी येऊन तिने विचारलं, का?

"घर ठशावर चालतं," मर्डो म्हणाला. "मासेवालीने शिवलेला कोण कमरेला बांधून घेईल?" मग त्याने त्या स्पोरनवर ठसा ठोकला आणि आठवड्यात एका डॉक्टरला विकला.

त्या दिवसापासून डोलीनाने शिवणं सोडलं. हात दुखतो म्हणाली. ठसा होता, पण मारायला काही नव्हतं. दुकान बंद पडलं. दोन वर्षांत मर्डोचे डोळे काचबिंदूने गेले. तो खिडकीपाशी बसून राही, मोकळ्या बोटांनी मांडी चाचपत.

"काहीतरी दे गं हातात," तो एक दिवस म्हणाला.

तिने खोगिराचे दोन तुकडे आणले, आरीने भोकं पाडून, मेण लावलेला दोरा सुईत ओवून दिला. भोकं तयार असली की कापरा हातही टाका घालू शके.

"ऑर्डर आहे?"

"आहे. थर्सो गावच्या बँडची. बारा स्पोरन."

म्हातारा ताठ बसला. एक शिवण पुरी करायला त्याला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी जेवून तो झोपला तेव्हा डोलीनाने रापी घेतली आणि सगळे टाके एकेक करून कापले. कातडं अंगठ्याने चोळून सपाट केलं. सकाळी तेच त्याच्या हातात ठेवलं.

"हा दुसरा."

दोरा तुटताना बारीक आवाज होई. तिला त्याचं सुख होत होतं. ते तिने स्वतःपासून लपवलं नाही.

ह्यूइना चहाला आली की मर्डो सांगे, "सातवा चाललाय." ह्यूइनाने एकदा दाराशी डोलीनाचा दंड धरला. "काय चालवलंयस हे? देवाला तरी भी."

"अकरा वर्षं खिडकीतून बघितलंस," डोलीना म्हणाली. "हेही बघ."

हिवाळ्यात एका दुपारी मर्डोचा हात थांबला. त्याने कडेवरून नख फिरवलं, एकदा, पुन्हा.

"भोकं सैल झालीत."

"कातडं जुनं आहे, बाबा."

"जुन्याचं भोक असं नसतं. यातून दोरा कितीतरी वेळा गेलाय."

डोलीना बटाटे सोलत होती. ती सोलत राहिली.

"थर्सोचा बँड आहे का गं?"

"नाही."

त्याने कातडं मांडीवर सपाट केलं. मग म्हणाला, "सुई ओवून दे."

तिने दिली. त्याने शिवलं. दुसऱ्या दिवशी तिने, का कोण जाणे, नवीन तुकडे त्याच्या मांडीवर ठेवले. त्याने ते बोटांनी ओळखले आणि खाली ढकलले. "तेच दे." कितवा चाललाय हे त्यानंतर त्याने कधी सांगितलं नाही. तो झोपला की ती टाके कापत राहिली. तो जागा आहे हे तिला कधीकधी श्वासावरून कळे. तरीही कापत राहिली.

मार्चमध्ये छातीत कफ दाटून तो गेला. हॉलमधल्या काचेच्या कपाटात ठेवायला लोकांनी त्याचा ठसा मागितला, तिने देऊन टाकला. मग ती पुन्हा शिवायला बसली, जुन्या बुटांचं, फाटक्या कोटांचं, स्वतःच्या नावाने, पुढे तीस वर्षं. स्पोरन विकले जात. घेणारे ते हातात तोलून म्हणत, छान आहे, पण मर्डोचा हात काही वेगळाच होता. ती कागदात बांधून देई.