बॅटरी सोडवलेलं इंजिन

आधीच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. मालवणात बोटींच्या इंजिनांचं इलेक्ट्रिक काम करतो मी. वायर तुटली की करंट थांबतो, वायरला गावराखणा देवचार कळत नाही... असं गिऱ्हाइकांना चिडवायचो.

गेल्या दसऱ्याच्या सुमाराची गोष्ट. तोंडवलीच्या खाडीत शालनकाकूंची होडी दुरुस्त करायला गेलो होतो. काकूंचे यजमान पावसाळ्यात वारले, तेव्हापासून होडी बंदच. मी पोचतोय तोच काकूंचा फोन वाजला. त्यांचा एकुलता एक मुलगा, सागर, छोटी होडी घेऊन एकटाच बाहेर गेला होता. मशीन बंद पडलेलं, आणि वारा त्याला खडपांकडे, पाण्यातल्या खडकांकडे, ढकलत होता. एवढं सांगितलं आणि फोन कट. बाकीच्या होड्या समुद्रात, कोणाचाच फोन लागेना.

काकू रडल्या नाहीत. "माका ही होडी चालू करून दी," एवढंच म्हणाल्या.

चावी फिरवली – टक् सुद्धा नाही. बॅटरी तपासली, फुल्ल. अर्थिंग घासून साफ केलं. चावीचा स्विच बाजूला ठेवून स्टार्टरला थेट करंट दिला... ढिम्म. म्हणजे दोष स्टार्टरच्या आतच. तो खोलायचा म्हणून आधी बॅटरीची केबल काढली.

शेजारचे भिकूदादा सुकाणूवर तयार बसले होते. ते हळूच म्हणाले, "वयनी, भाऊ गेल्यापासून होडयेचा गाऱ्हाणाच घालूक नाय आपण."

"दादा, गाऱ्हाण्यान स्टार्टर फिरणा नाय," मी वैतागून म्हटलं.

गाऱ्हाणं घालणं, म्हणजे देवाला मोठ्याने साकडं घालणं, एरवी पुरुषांचं काम. पण काकू घरातून नारळ घेऊन आल्या, गुडघाभर पाण्यात उतरल्या आणि तो होडीच्या टोकावर ठेवून हात जोडले.

"बा म्हाराजा, घरचो धनी गेलो. एकच झील उरलो आसा, तो दर्यात अडाकलोहा. तेका सुखरूप घराक हाड रे म्हाराजा..."

"होय म्हाराजा," भिकूदादा म्हणाले. आणि मीही म्हणालो. लहानपणापासूनची सवय, तोंडातून निघूनच गेलं.

स्टार्टर फिरला. इंजिन धडधडायला लागलं. बॅटरीची केबल माझ्या हातात होती... चावीला कोणी हातही लावला नव्हता. पण विचार करायला वेळ कुठे होता? भिकूदादा आणि मी तसेच निघालो.

सागर खडपांच्या अगदी जवळ सापडला. वल्हं मोडलेलं, तळहात सोलवटलेले. त्याला आत ओढून घेतलं आणि परत आलो.

दुसऱ्या दिवशी स्टार्टर खोलला. आतले करंट नेणारे कार्बन झिजून संपले होते, वायरिंग जळून काळं पडलेलं. तो स्टार्टर नवी बॅटरी लावूनही फिरला नसता. ओळखीच्या सगळ्या मेकॅनिकना विचारून झालं. काही हसले, काहींनी विषय बदलला.

पण खरं सांगायचं ते वेगळंच. आम्ही किनाऱ्याला लागलो तेव्हा काकूंनी सागरला पोटाशी धरलं. मग होडीकडे बघून, डोक्यावरचा पदर सारखा करत, अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "झील गावलो. आता तुमी जावा."

आणि इंजिन बंद पडलं. डिझेल इंजिन बंद करायला दांडा ओढावा लागतो... तो कोणीच ओढला नव्हता.

ते सुरू कसं झालं, हे मी मेकॅनिकना अजूनही विचारतो. बंद का झालं, हे काकूंना विचारायची हिंमत होत नाही.