मधुचंद्राची पाठराखीण

हातातला कप खाली ठेवा आधी. हसताना चहा सांडतो, आणि ही चादर मी कालच धुतली आहे. ठेवलात? आता ऐका. माझ्या हातून जो घोळ झाला ना, तसा अख्ख्या बोईसरमध्ये दुसऱ्या कोणाच्या हातून झाला असेल तर मी नाव बदलेन. अहो, बायका मधुचंद्राला नवऱ्याबरोबर जातात. मी गेले शेजारणीच्या जावयाबरोबर!

थांबा, असे डोळे मोठे करू नका. मुलगी पण होती बरोबर.

तेव्हा आम्ही नवापूर रस्त्याला चाळीत राहायचो. भिंतीला भिंत लागून विमलवहिनी. त्यांची रेखा इतकी अबोल, की शेजारी राहून तिचा आवाज कसा आहे ते मला सांगता आलं नसतं. मला! मग विचार करा. तिचं लग्न ठरलं पालघरच्या प्रकाशशी. मुलगा गुणी, सुताच्या कारखान्यात सुपरवायझर, पण तोही बोलताना स्वतःच्या चपलांकडे बघणारा. साखरपुड्यात दोघांना बोलायला म्हणून गच्चीवर पाठवलं, तर त्याने विचारलं, "ऊन लागतंय का?" तिने मान हलवली आणि दोघं खाली आले. झालं बोलणं!

विमलवहिनींचा जीव टांगणीला. मला म्हणाल्या, "हिराताई, माझी पोरगी नवऱ्याशी बोलणार तरी कधी? आयुष्य काढायचंय हो त्याच्याबरोबर."

"मी हाय ना," मी म्हटलं.

हे 'मी हाय ना' मला आजवर फार महागात पडलेलं आहे.

आता आमच्याकडचा रिवाज सांगते. नवरी पहिल्यांदा सासरी जाते तेव्हा माहेरची एक बाई सोबत जाते. पाठराखीण. नवरीजवळ झोपायचं, तिला हवं-नको बघायचं आणि तिला परत माहेरी आणून सोडायचं. रेखाला ना मावशी, ना आत्या. मग पाठराखीण कोण? मीच. इथपर्यंत काही चुकलं का? नाही ना?

चुकलं ते पुढे. पालघरला पूजा झाली की दुसऱ्या दिवशी दोघं निघणार होती. कुठे? तर कोचीला जायचं, आणि तिथून बोटीने लक्षद्वीपला! रात्री बोटीवर झोपायचं, दिवसा रोज नव्या बेटावर उतरायचं. प्रकाश आणि त्याचा मित्र, दोन जोडपी मिळून जायचा बेत होता. पण मित्राच्या बायकोला दिवस गेले, तिला उलट्या सुरू झाल्या, आणि त्यांची दोन तिकिटं मोकळी झाली.

मी म्हटलं, देवानेच काढून ठेवली.

आमचे हे पेपर वाचत होते. पेपर खाली न करताच म्हणाले, "अगं, ती जोडी हाय. नवीन हाय. तू कशाला मदी?"

"नवरीला अर्ध्यात सोडून एकटी परत आलेली पाठराखीण तुमी कधी बगितली?"

"ते सासरी जाताना. ही फिरायला चाललीत."

"बोटीवर चारशे माणसं असतात, अहो! त्याला काय मदुचंद्र म्हणतात? ती जत्रा! मदुचंद्र म्हणजे माथेरान. आणि तिला समुद्राचं काय ठाव? मी चिंचणीची. माज्या बापाची होडी होती."

"दुसरं तिकीट मला नको," एवढं म्हणून ह्यांनी पान उलटलं.

तिकिटावरचं नाव बदलायला कोण धावलं असेल? प्रकाश. बिचारा मुंबईला खेटे घालत होता. त्याच्या तोंडातून नकार निघतच नव्हता, आणि मला वाटायचं, किती हौसेने करतोय!

आता एक गोष्ट तुम्हाला म्हणून सांगते. बापाची होडी होती हे खरं. पण आमच्यात बायका समुद्रात जात नाहीत, समुद्रावर जातात, टोपल्या घेऊन. मी जन्मात कधी होडीत पाय टाकला नव्हता.

कोचीला बोट बघितली. ती बोट कसली, आमच्या चाळीवर चाळ रचलेली! खोल्या दोन मिळाल्या, दोन-दोन जणांच्या. मी लगेच वाटणी केली. "ही बायकांची, मी आणि रेखा. ती पुरुषांची, प्रकाशराव, तुमी एकटे ऐसपैस झोपा."

प्रकाशने रेखाकडे बघितलं. रेखाने जमिनीकडे बघितलं. मग तो आपली बॅग उचलून गेला. मला वाटलं, काय संस्कार आहेत मुलावर!

बोट सुटली आणि अर्ध्या तासात मी आडवी. पोटातलं सगळं ओठांशी. 'बापाची होडी' वगैरे सगळं विसरले. रेखा डोकं चेपतेय, प्रकाश लिंबू घेऊन उभा. मी डोळे मिटून पडले होते, पण कान? ते कधी मिटतात का माझे?

"सुरी नाही?" रेखा.

"दाताने तोडू?" प्रकाश.

मग तिचं हसू ऐकू आलं. खुदकन. मी एक डोळा उघडून म्हटलं, "हसताय कसलं? इकडं माजा जीव चाललाय!" दोघं एकदम गप्प. बघितलंत? दिवा लागत होता, तो मी फुंकर मारून विझवला. आणि वर मलाच वाटलं, काय ही आजची पोरं, माणसाची कदर नाही!

सकाळी पहिलं बेट. मोठी बोट लांब थांबते आणि छोट्या होड्यांतून तुम्हाला नेतात. पाणी असं हिरवं, की खालची वाळू दिसते! आमच्या चिंचणीच्या मातकट पाण्याला कोण विचारतो तिथे? होडीवरचा गाइड ओरडत होता, "कपल कपल बैठो! हनीमून वाला आगे!" मी रेखाचा हात धरून पुढे. प्रकाश मागोमाग. फळीवर जागा दोघांचीच, मग मी मध्ये बसले. मध्ये बसलं की हलत नाही ना.

"अम्मा," गाइड म्हणाला, "आप किसके साथ?"

"दोनो के साथ!" मी ठणकावून सांगितलं.

काचेच्या तळाच्या होडीत मासे दाखवले, तिथेही मी मध्ये. "हा बग कोंबडा मासा, हा आमच्याकडे येत नाय," असं मी सांगत होते, आणि ती दोघं माझ्या डोक्यावरून कुठेतरी लांब बघत होती. फोटोवाला आला, नारळाच्या झाडाखाली उभं केलं. "अम्मा, थोडा साइड में," म्हणाला. मी म्हटलं, "साइड में ऊन है."

प्रकाशने प्रयत्न केले नाहीत असं नाही हो. "मावशी, तिकडे बायका मासे वाळवतायत, बघून या ना." मी म्हटलं, "चला तिघं जाऊ." "मावशी, सावलीत जरा पडा ना." "छे, मी काय पडायला आलेय?" मग त्याने शहाळी आणली. तीन. एक नळी कमी पडली, तर तो म्हणाला, आम्ही दोघं एकातच पितो. मी माझी नळी लगेच त्याला देऊन टाकली! तोंड लावून प्यायले, सगळं ब्लाउजवर सांडलं. आणि त्याचा चेहरा असा, जसं काही मी त्याच्या ताटातला घास उचलला.

संध्याकाळी बोटीच्या कठड्याशी दोघं उभी होती. तो काहीतरी पुटपुटत होता आणि रेखाचे खांदे हलत होते. तोंडावर पदर. रडतेय! नक्की बोलला असणार काहीतरी. म्हणजे हा दिसतो गरीब, पण आतून तसला? विमलवहिनींना मी काय तोंड दाखवू? तेव्हाच ठरवलं, उद्या या पोरीला एक क्षणसुद्धा एकटी सोडायची नाही.

दुसऱ्या दिवशी शेवटचं बेट. मी दोघांना डोळ्यांत तेल घालून सांभाळत होते. पण दुपारी भात आणि माशाचं जेवण असं झालं, वारा असा सुटला, की नारळाखाली जरा… अगदी जरा डोळा लागला.

उठले तर दोघं नाहीत! माझी पिशवी पण उघडी. धावत पाण्याकडे गेले, आणि वाळूत काय दिसलं? दोन जोड चपला. शेजारी शेजारी. तोंडं समुद्राकडे.

तुम्ही शहरातली माणसं, तुम्हाला त्याचं काही वाटणार नाही. पण किनाऱ्यावर रिकाम्या चपला बघितल्या की आमच्या गावच्या बाईचं रक्त गोठतं. मी जो टाहो फोडला! "गेली गं माजी पोर! हिला मी नवऱ्याच्या जाचापासून नाय वाचवलं!" गाइड धावला. बाकीची सगळी जोडपी धावली. बेटावरच्या लोकांनी होड्या पाण्यात ढकलल्या. बोटीला निरोप गेला, बोटीने भोंगा वाजवला. मी वाळूत बसून छाती पिटतेय, आणि कोणी अनोळखी नवरी मला पदराने वारा घालतेय.

एक होडी टोकाच्या वळणापलीकडे गेली, आणि तिकडून हाका आल्या. आम्ही सगळे किनाऱ्याने धावलो. बघतो तर काय? उलट्या ठेवलेल्या एका जुन्या होडीवर दोघं अनवाणी बसलेली. मध्ये माझ्या पिशवीतला जवळ्याच्या चटणीचा डबा! बोटांनी चाटून खात होती, आणि रेखा बोलत होती. अहो, हातवारे करून बोलत होती! सगळी वरात आलेली बघून तिचं बोट तोंडातच राहिलं.

"जिवंत हायेस!" मी गळ्यात पडायला धावले. "हा तुला काय म्हणाला गं काल? रडत होतीस ना?"

"रडत?" रेखा उठून उभी राहिली. "मावशी, हसत होते मी! हे म्हणत होते, आपल्या लग्नात मंगळसूत्र मावशींनापण घालायला हवं होतं!"

प्रकाश लालबुंद. त्या सगळ्या जोडप्यांमध्ये मराठी कळणारी एकदोनच होती, पण त्यांनी बाकीच्यांना लगेच हिंदीत सांगितलं. समुद्रसुद्धा हसला असेल.

"आणि आता ऐका," रेखा म्हणाली. जी मुलगी साखरपुड्यात मान हलवून खाली उतरली होती ती! "आज बोटीवर खोल्या बदलायच्या. मी ह्यांच्या खोलीत. तुम्ही एकट्या ऐसपैस झोपा. काय हो?"

"हो," प्रकाश म्हणाला. पहिल्यांदाच तो चपलांकडे बघत नव्हता. अर्थात, चपला नव्हत्याच पायात.

मी गप्प बसले. बरोबर ऐकलंत. मी.

घरी आल्यावर विमलवहिनींनी हळूच विचारलं, "बोललीस का गं त्याच्याशी?" रेखा म्हणाली, "मावशींमुळेच बोलायला लागलो आम्ही. त्यांच्यापासून कसं सुटायचं, याच्यावरच पहिल्यांदा बोललो." विमलवहिनींनी माझे हात हातात घेतले. आमच्या ह्यांनी पेपर आणखी वर धरला. पेपर हलत होता.

फोटो आले. सगळ्यांत मी मध्ये. रेखाच्या सासूने पालघरला ते पाहुण्यांना दाखवायचं बंद केलं, कारण जो तो विचारायचा, "नवरी यातली कुठली?"

पुढच्या हिवाळ्यात दोघं पुन्हा फिरायला गेली. कुठे? ते तुम्ही मला सांगा! या गल्लीत कोणाकडे काय शिजतंय ते मी वासावरून सांगते, पण ही एक गोष्ट मला आजतागायत कळलेली नाही. विमलवहिनींना ठाऊक, वाण्याला ठाऊक, आमच्या ह्यांनासुद्धा ठाऊक! विचारलं की सगळे एकदम आभाळाकडे बघतात.

आणि मी तर चटणीचा डबासुद्धा भरून ठेवला होता.