भरतीच्या वेळेची शाळा

साळवे सर गेले त्याला पाच आठवडे झाले. त्या दुपारी विमलताईचा फोन आला, "सुधा, गेले रे... झोपेतच," आणि मला हायसं वाटलं. सख्ख्या बहिणीचा नवरा गेला आणि आपल्याला हायसं वाटलं, हे लिहायला लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू? आजाराने त्यांना वर्षभर छळलं होतं, हे एक कारण. दुसरं माझं स्वतःचं आहे, आणि ते सांगायलाच बसलोय.

सर मूळचे मराठवाड्यातले, नोकरी भाईंदर पश्चिमेच्या शाळेत. तेव्हा खाडीत रेतीचा उपसा जोरात होता. पाणी उतरलं की होड्या निघायच्या आणि काटक पोरं बादली घेऊन तळाशी डुबी मारायची. आठवीतल्या पोराच्या खिशात मास्तरापेक्षा जास्त पैसा खुळखुळायचा, मग वर्गात बसतंय कोण? सरांनी तोडगा काढला. पोरं ओहोटीला खाडीत असतात ना, मग आपण भरतीला शिकवायचं, थेट बंदरावर जाऊन. पण आमच्या या पंडिताने भरतीची वेळ एकदाच विचारली, वहीत लिहिली आणि रोज त्याच वेळेला जाऊन बसला. पाचव्या दिवशी समोर एकही पोर नाही, सगळी खाडीत! जाळं विणणारी एक म्हातारी हसत म्हणाली, "मास्तर, पानी काय शाळेची घंटा हाय? रोज दोन घटका पुढं सरतंय. तिथी बघा, तिथी." मग काय, जन्मात ज्या माणसाने पंचांग उघडलं नव्हतं, बुद्धवंदनेपलीकडे काही म्हटलं नव्हतं, त्याने घरात तिथीचं कॅलेंडर टांगलं. ताई म्हणायची, "आता एकादशीपण धरा की!"

मी तेव्हा मीरा रोडच्या एका बिल्डरकडे कारकून होतो. त्याच खाडीतली रेती आमच्या साइटवर यायची, त्यामुळे मी साहजिकच रेतीच्या बाजूचा. रेतीची रॉयल्टी सरकारजमा होते, तर त्यातून बंदरावर पोरांसाठी एक खोली बांधून द्या, असा अर्ज घेऊन सर दरवर्षी सरकारी कचेरीत जायचे. साहेब चहा पाजायचा, अर्ज ठेवून घ्यायचा. खोली काही झाली नाही. कोणत्या होडीला परवाना आहे, कोणती तशीच फिरतेय, तळाशी जाणारं पोर किती वर्षांचं आहे, हे बघायला कधी कुणी आलं नाही. "रेती संपणार, सुधाकरराव," सर म्हणायचे. "त्या दिवशी या पोरांच्या हातात काय असेल?" मी दात काढायचो. "भावोजी, आज तर नोटा आहेत ना!"

जनार्दन हा त्यांचा लाडका. गणितात वाघ. दहावीचं वर्षभर याला होडीवर नेऊ नका, म्हणून सर त्याच्या बापाच्या हातापाया पडले. बापाने कसंबसं ऐकलं. नेमकं त्याच वर्षी रेतीला सोन्याचा भाव आला. भावकीतल्या पोरांनी मोटारसायकली घेतल्या, घरांवर स्लॅब चढले... आणि जनार्दन इंग्रजीत नापास. बापाने भर बंदरावर सरांची अब्रू काढली. त्या रविवारी आम्ही जेवायला बसलो होतो. मला राहवलं नाही. म्हणालो, "भावोजी, पोराचं वाटोळं केलंत तुम्ही." त्यांनी ताटातच हात धुतला. बंदरावरची शिकवणी पुढेही चालू राहिली, पण होडी सोड असं त्यांनी पुन्हा एकाही पोराला सांगितलं नाही. जनार्दनच्या घरावरून जाणंही टाळू लागले. वर्षं गेली, उपशावर बंदी आली, होड्या चिखलात कलंडल्या. मी मात्र माझा शब्द मागे घेतला नाही. मोठेपणा कुठे आडवा आला, कोण जाणे.

गेल्या दिवाळीनंतर आमच्या सोसायटीची लिफ्ट बंद पडली. मेकॅनिक आला आणि मशीनला कान लावून डोळे मिटून उभा राहिला. मग म्हणाला, "बेअरिंग गेलंय." बोलण्यावरून बंदराकडचा वाटला म्हणून नाव विचारलं. जनार्दन! ऑक्टोबरच्या परीक्षेला पास झाला होता, मग होडीवर न जाता आयटीआय केलं होतं. सर आजारी आहेत म्हटल्यावर त्याने हातातला पाना खाली ठेवला. "कोणत्या तोंडानं जाऊ, काका? सरांनी माज्यासाठी शिव्या खाल्ल्या, नि मी नापास झालो." म्हणजे इतकी वर्षं हे दोघं एकमेकांना चुकवत होते, एकच ओझं दोन्ही टोकांनी धरून.

त्याला तसाच सिल्व्हर पार्कला, सरांच्या घरी घेऊन गेलो. सर खाटेवर पडून होते, आवाज खोल गेलेला. पाया पडून जनार्दन एकदम मोठ्याने म्हणाला, "सर, माझे कान शाबूत हायत!" सरांना कळलं नाही. तेव्हा म्हणाला, "आमच्या होडीवरच्या तिघांचे पडदे फाटले डुब्या मारून. भावाला तर हाकपन ऐकू येत न्हाय. घरी बसलाय. मी कानावरच पोट भरतोय, सर."

सरांच्या डोळ्यांतून पाणी आलं ते पुसलंही नाही. मग जुन्या मास्तरी आवाजात म्हणाले, "मग हळू बोल ना गाढवा, ओरडतोस कशाला?" ताई हसली, जनार्दन हसला, मी रडत होतो. सरांनी मान माझ्याकडे वळवली. "सुधाकरराव, ऐकलंत?"

"ऐकलं, भावोजी. माझं चुकलं."

"पोराला चहा द्या," ते म्हणाले. विषय संपला.

परवा ताईकडे गेलो होतो. सरांच्या खोलीत खाट अजून तशीच आहे, ताई तिची चादर रोज बदलते. पूर्वी, तो शब्द मागे घेतला नव्हता तोवर, मी दाराजवळच्या स्टुलावर बसायचो, काहीतरी निमित्त काढून लवकर उठायचो. परवा खाटेच्या कडेला बसलो आणि ताई उठवेपर्यंत तिथेच झोपलो.