मागच्या सीटवरचा वारा

टपरीवर चहा घेताना दादा मित्रांना सांगत होता, "नवी काच एक नंबर! वारा म्हणून लागत नाही!" आणि मी शेजारीच मान चोळत उभी! अरे, लागत नाही म्हणजे गेला कुठे तो वारा? बाईकच्या त्या उंच काचेवरून उडी मारून सरळ माझ्या हेल्मेटवर! साताऱ्यापासून माझं डोकं डब्यातल्या शेंगदाण्यासारखं खडखडतंय. काच बसवली तेव्हा हा स्वतः सतरा वेळा बसून बघत होता, मागे कुणाला बसवायचं सुचलंच नाही. घरात काय, ऑफिसात काय, असंच असतं ना! पुढच्याला शांत वाटलं की वारा थांबला असं जाहीर होतं. तो थांबत नाही हो, मागच्याच्या तोंडावर जातो.

दादाला हे सांगितलं तर म्हणतो, "अगं, जरा वाकून बस की!"

म्हणजे थेट कोकणापर्यंत कुबड काढून बसू? मी किल्लीच उचलली. "घाटापर्यंत मी चालवते. तू बस मागे."

मित्र खिदळले. दादाने गप्पकन चहा संपवला आणि म्हणाला, "थांब, काच दोन बोटं खाली घेतो."

म्हणजे ती खाली होत होती!