नमुना नाही

समुद्रातल्या त्या तेलविहिरीवर त्यांना सगळे चाळणकाका म्हणत. खोदताना खालच्या दगडाचा चुरा चिखलाबरोबर वर येतो नि थरथरत्या चाळणीवर पडतो. दर पाच मीटरला त्यातला ओंजळभर धुवायचा, कापडी पिशवीत भरायचा आणि किती खोलवरचा ते वर लिहायचं, एवढंच काकांचं काम. चुरा हुकला, तर पिशवीवर ‘नमुना नाही’ लिहायचं असा नियम. बावीस वर्षांत काकांनी हे दोन शब्द लिहिले नव्हते, आणि जेवताना रोज कुणाला तरी ते हे ऐकवायचेच.

तिथे तेल आधीच लागलेलं. ते कुठवर पसरलंय हे बघायला ही दुसरी विहीर. दगड तपासणाऱ्या बाई काकांच्या लेकीच्या वयाच्या. एकटीनं सांभाळायची त्यांची ही पहिलीच विहीर.

त्या दुपारी घरून फोन आला. लेकीला मुलगी झाली! काका बायकोशी बोलले, व्याह्यांशी बोलले, मग स्वयंपाक्याला सांगायला गेले.

"नाक कुणावर गेलंय?"

"माझ्यावर!"

"अरेरे, बिचारी!"

हसत हसत काका परत आले, तर आधीच्या तीन पिशव्यांचा चुरा केव्हाच समुद्रात वाहून गेलेला. चौथीचा तेवढा चाळणीवर होता.

तीनदा ‘नमुना नाही’? काकांचा हात काही वळेना. इकडेतिकडे बघितलं आणि त्या एकाच ढिगातून चारही पिशव्या भरून टाकल्या.

तासाभरानं बाई धावतच आल्या. "काका, चारही पिशव्यांत तेलानं भिजलेली वाळू! सलग वीस मीटर! पाच वाजता ऑफिसला कळवते."

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. परवा विहिरीत तारेनं मोजणीचं यंत्र सोडलं की खरं काय ते उघडं पडणार, आणि हसं व्हायचं ते या पोरीचं. तेवढ्यात स्वयंपाक्यानं पाठीवर थाप मारली, "नात पायगुणाची हो, आजोबा!" ती थाप काकांना थोबाडीत बसल्यासारखी लागली.

पाचाला दहा मिनिटं असताना ते बाईंच्या दारात जाऊन उभे राहिले. आत पाऊल टाकवेना.

"बाई, कळवू नका. शेवटची पिशवी तेवढी खरी. बाकी तीन... मी फोनवर होतो."

बाईंनी चष्मा काढला. "एकाच ढिगातून भरल्यात?"

"हो."

"दोन शब्द तर लिहायचे होते, काका."

त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर काकांना हलकं वाटलं असतं. त्यांनी नुसत्या तीन पिशव्या पुढे सरकवल्या. काकांनी त्या रिकाम्या केल्या आणि प्रत्येकीवर स्वतःच्या हातानं लिहिलं, नमुना नाही. अक्षर पहिलीतल्या पोरासारखं आलं.

पुढच्या पाच मीटरला बाई चाळणीपाशी येऊन उभ्या राहिल्या. "सहज आले," म्हणाल्या. काकांनी पिशवी भरली, आकडा लिहिला आणि त्यांनी मागायच्या आत पेन त्यांच्यापुढे धरलं. बाईंनी खाली सही केली.

विहीर संपेपर्यंत प्रत्येक पिशवीवर दोघांचं अक्षर होतं, काकांचं आणि बाईंचं. जेवताना स्वयंपाकी डिवचायचा, "काय काका, बावीस वर्षं ना?"

काका म्हणायचे, "पाणी दे."